रूममेटची तक्रार करू की त्यांचा नंबर मागू?

प्रिय ताई,

मी 53 वर्षांची. घटस्फोट होऊन खूप वर्षं झाली, मुलगा नोकरीसाठी लांब असतो. बीपी आणि गुडघे या दोन्हींसाठी एका निसर्गोपचार केंद्रात तीन आठवडे राहायला आलेय. कडक म्हणजे किती कडक, पहाटे पाचला घंटा, मीठ नाही साखर नाही चहा नाही, जेवताना मौन, आल्या दिवशी बॅगा तपासतात आणि मोबाईल ऑफिसात जमा. संध्याकाळी अर्धा तास मिळतो त्यात हे टाइप करतेय.

इथे एक साधक आहेत. साठीच्या जवळपासचे, विधुर. पहिल्याच दिवशी डायनिंग हॉलमध्ये एनिमाच्या यादीतलं माझं नाव सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं गेलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर हे उठले आणि म्हणाले, "माझंही असेल ना यादीत, चला, सोबतच जाऊ." नंतर कळलं की त्यांचं नाव नव्हतंच. तेव्हापासून माझं काही खरं नाही. पुढे हेही कळलं की बॅग तपासूनसुद्धा त्यांच्या स्वेटरच्या बाहीत बिस्किटं असतात. मागच्या बागेत दोनदा मला दिली.

प्रॉब्लेम माझी रूममेट. आदर्श साधक. तिचंही लक्ष त्यांच्यावरच. फळ्यावर उतरलेल्या वजनाची यादी लागते त्यात ती कायम पहिली. डॉक्टरांनी तिची बीपीची गोळी बंद केली तर ते तिने मौनातसुद्धा हातवारे करून सगळ्यांना सांगितलं. मग मीही माझी बंद केली, आणि रात्रीचं सूप अर्धं परत पाठवते. तीन किलो उतरलंय! परवा मात्र तिच्या उशीखाली बिस्किटाचा चुरा सापडला. त्याच सकाळी तिचं वजन अर्धा किलो वाढलं होतं आणि ती म्हणत होती पाणी साठलंय. डॉक्टरांना सांगितलं तर तिला घरी पाठवतील. सांगू का? ते बिस्किटवाले साधक माझ्या चार दिवस आधी जाणार आहेत. नंबर कसा मागू? आणि या वयात हे प्रेम आहे की नुसती भूक?

– मातीपट्टीखाली हसणारी

*

अहो हसणाऱ्या बाई,

तुमचं पत्र वाचून मी एवढी हसले की बाजूच्या खोलीतून विचारणा झाली. पण हसता हसता "मग मीही माझी बंद केली" या वाक्याला येऊन थांबले, आणि प्रेमाबिमाचं आपण नंतर बघू, आधी ते. हे वाचताय तो तुमचा अर्धा तास संपायच्या आत उठा, तिथल्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा की गोळी मी माझ्या मनाने बंद केलीय, अमुक दिवसापासून, आणि सूपही अर्धं परत जातंय. ओरडा बसेल, बसू दे.

तिची गोळी डॉक्टरांनी मोजून मापून थांबवली असेल. कमी खाल्लं, मीठ बंद झालं, की पहिल्या काही दिवसांत शरीरातून पाणी आणि मीठ भराभर बाहेर जातं आणि बीपी उतरू शकतं, म्हणून अशा ठिकाणी काहींचा डोस कमी करावा लागतो. हे खरंय. पण कोणाचा, किती, कधी, हे मशीन दंडाला लावून ठरतं, रूममेटचे हातवारे बघून नाही. बीपीच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्याही नसतात. काही अशा असतात की एकदम सोडल्या तर बीपी उलट उसळी मारतं, छातीत धडधड होते. आणि डॉक्टरांना न सांगता पुन्हा सुरू केलीत तरी घोटाळाच, कारण अर्ध्या सूपावर असताना पूर्वीचाच डोस घेतला आणि वर स्टीम बाथमधून बाहेर आलात की उठताना चक्कर येऊन धाडकन पडाल. गुडघ्यांसाठी गेलात ना तिथे? त्यामुळे बंदही तुम्ही करायची नाही आणि सुरूही तुम्ही करायची नाही. झालं.

आता वजनाच्या फळ्याकडे वळू, कारण खरी कुस्ती तिथेच चाललीय असं मला वाटतं. तीन किलो ऐकायला छान आहे. पण आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, साधारण 400-500 ग्रॅमचा, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला जवळपास तीन ग्रॅम पाणी चिकटून बसलेलं असतं. जेवण तोडलं की आधी हा साठा संपतो आणि त्याच्यासोबत ते पाणी जातं, म्हणजे पहिले दीड-दोन किलो बऱ्यापैकी पाणीच. जरा नीट जेवलं की ते परत येतं. अशा ठिकाणी उतरलेल्या वजनाची यादी फळ्यावर का लावतात हे मला कळतच नाही. माणसं बरी व्हायला येतात आणि शर्यतीत पळून जातात.

आणि गंमत बघा, तुमची रूममेट म्हणाली ना पाणी साठलंय? खरं बोलली ती! दोनचार बिस्किटांनी अर्धा किलो चरबी चढत नाही, त्यासाठी साडेतीन हजारांच्या वर कॅलरी जास्तीच्या पोटात जाव्या लागतात, तेवढी बिस्किटं कुठल्याच स्वेटरच्या बाहीत मावणार नाहीत. पण इतक्या दिवसांच्या बिनमिठाच्या जेवणानंतर पोटात एकदम साखर, मैदा, थोडं मीठ गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं. म्हणजे बाईंनी चोरी लपवायला जी थाप मारली ती शास्त्राला धरून निघाली. तुमचा बिचारीवरचा आरोप अर्धा तरी मागे घ्या.

राहिला चुरा. तुम्ही एवढ्या हुशार, मग हा प्रश्न तुम्हाला पडला कसा नाही की तिच्याकडे बिस्किट आलं कुठून? बॅगा तपासतात हे तुम्हीच लिहिलंय. केंद्राच्या हद्दीत बिस्किटांचा एकच साठा आहे हेही तुम्हीच लिहिलंय, आणि तो कोणाच्या बाहीत आहे हेही. म्हणजे बागेत तुम्ही दोनदा गेलात तशी तीही कधीतरी गेली असणार. हे वाचून पोटात कळ आली असेल तर थांबा, लगेच त्यांना दुटप्पी ठरवू नका. त्यांनी तुम्हाला काही वचन दिलेलं नाही, बिस्किट दिलंय. काही माणसं मुळातच वाटून खाणारी असतात, समोर कोणी भुकेलं दिसलं की त्यांचा हात खिशात जातो. आणि काही माणसं एकाच वेळी दोन खिडक्यांवर लायनीत उभी राहतात. हे कुठले आहेत ते मला इथून दिसत नाही, तुम्हालाही चुऱ्यावरून कळणार नाही, ते त्यांना विचारूनच कळेल.

पण म्हणून तर तक्रार करायला जाऊ नका असं मी म्हणतेय. विचार करा काय होईल. तुम्ही ऑफिसात जाणार, उशीखालचा चुरा सांगणार, डॉक्टर तिला बोलावणार, पहिला प्रश्न "कोणी दिलं?", ती त्यांचं नाव घेणार, त्यांना बोलावणार, ते सभ्य असतील तर गप्प बसतील आणि नसतील तर तुमचंही नाव सांगतील. संध्याकाळपर्यंत तिघंही बॅगा भरताय आणि गेटवर तिघांच्या तीन वेगळ्या गाड्या. नियम मोडले म्हणून कोणाची तक्रार करायची तर आपला स्वतःचा हात कोरडा लागतो हो, तुमच्या हाताला अजून क्रीमचा वास येतोय. फक्त एक अपवाद सांगते. तिला डायबेटिस असेल, इन्सुलिन वगैरे चालू असेल, तर मात्र तिलाच सांगा की हे डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण तिथे लपूनछपून खाणं आणि लपूनछपून न खाणं, दोन्हीत धोका असतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, प्रेम की भूक. हा मला सगळ्यात आवडला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे समजून घ्यायचं होतं, आणि ही मुलं स्वतःहून तयार झाली होती. झालं काय, तर मुलं चिडचिडी झाली, ताटं चाटायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायला लागली, आणि मुलींमधला त्यांचा इंटरेस्ट पार ओसरला. म्हणजे भुकेने प्रेम वाढतं असं काही नाही, उलटच. मग तुमचं कसं काय वाढलं? दोनच शक्यता. एक तर तुम्ही म्हणता तेवढ्या उपाशी नाही. किंवा मग ते दिसले की पोटात जो खड्डा पडतो तो त्यांच्या चेहऱ्यासाठी आहे की बाहीसाठी, हे तुमच्या पोटालाही आता सांगता येत नाहीये.

याची परीक्षा सोपी आहे. बिस्किटाआधीचं काय आहे तुमच्याकडे? मी पत्रात शोधलं आणि मला एनिमाचा प्रसंग सापडला, आणि खरं सांगते, माझं मत तिथेच बदललं. मी आधी "केंद्रातलं प्रेम केंद्रातच सोडून या" असं काहीतरी ठेवणीतलं लिहिणार होते. पण भरल्या हॉलमध्ये एका अनोळखी बाईचं नाव असल्या कारणासाठी पुकारलं जातं, सगळे मौनात, म्हणजे कोणी हसू शकत नाही पण हसू दाबल्याचं दिसतंय, आणि एक माणूस मौन मोडून उठतो, स्वतःचं नाव यादीत नसताना. बरं, असं उठल्यावर पुढे काय झालं असेल याचा विचार केलात का तुम्ही? यादीत नाव नाही म्हटल्यावर अटेंडंटने परत पाठवलं की दाखल करून घेतलं? घेतलं असेल तर त्या माणसाने तुमची लाज वाचवायला काय सोसलंय याची कल्पना करा! हे विचाराच त्यांना, गप्पा सुरू करायला याहून चांगला विषय नाही मिळणार. तेव्हा तुमच्या पोटात बिस्किट नव्हतं आणि उपासही सुरू व्हायचा होता. म्हणजे ते जे काही वाटलं ते शुद्ध होतं.

तरी थोडं पाणी घालते. बंद जागेत, रोज त्याच वेळेला, तोच माणूस समोर आला की तो आवडायला लागतो ही जुनी गोष्ट आहे. 1950 साली लिऑन फेस्टिंगर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांचा अभ्यास छापला, तर कोणाची मैत्री कोणाशी हे बऱ्याच अंशी दार कोणाच्या दाराशेजारी आहे यावरून ठरलेलं, जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त. तुमच्याकडे तर टीव्ही नाही, फोन जेमतेम अर्धा तास, जेवताना बोलायची परवानगी नाही, नजर जाणार कुठे? कटिस्नानाच्या टबात बसलेला माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी देखणा वाटतो. म्हणून बाहेर आल्यावर, दोघंही पोटभर जेवलेले असताना, एकदा भेटा. तेव्हाही हसू आलं तर पुढे बघू.

आणि हो, एक व्यवहाराची गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. उपासात शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन नावाची रसायनं तयार होतात, त्यातलं अ‍ॅसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं आणि तोंडाला एक विचित्र गोडसर वास येतो. केंद्रातले लोक सांगतील विषं बाहेर पडतायत, तसं काही नसतं. तुम्हाला येत असेल तर त्यांनाही येत असेल, तिलाही येत असेल, त्यामुळे लाजू नका, पण बागेत जरा वाऱ्याच्या बाजूने उभ्या राहा.

मला मात्र खरी काळजी वाटते ती तुमच्या दोघींची. पत्र मी पुन्हा वाचलं तर त्यांच्याबद्दल जेवढं लिहिलंय त्याहून जास्त तिच्याबद्दल आहे. तिचं वजन किती, तिची गोळी, तिची उशी. अहो, दुसऱ्याच्या उशीखाली हात घालायची वेळ तुमच्यावर आली! असल्या ठिकाणी हे होतंच म्हणा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बॅटल क्रीकला एक भलंमोठं आरोग्यधाम होतं, 1876 पासून डॉ. जॉन हार्वे केलॉग त्याचे प्रमुख, मांस बंद, दारू बंद, कॉफी बंद, एनिमा भरपूर, आणि ब्रह्मचर्याचा आग्रह. एवढ्या संयमी वास्तूत काय झालं? सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा माणूस 1891 मध्ये तिथे पेशंट म्हणून आला आणि 1895 साली त्याच गावात त्याने कॉफीऐवजी प्यायचं स्वतःचं पेय विकायला काढलं. डॉक्टरांचा सख्खा धाकटा भाऊ विल वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली राबला आणि 1906 मध्ये कॉर्नफ्लेक्सची वेगळी कंपनी काढून बसला, मग केलॉग हे नाव कोणी वापरायचं यावरून दोघे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात. सगळे शाकाहारी जेवून, वेळेवर झोपून भांडत होते. तेव्हा तुम्ही दोघी एका खोलीत एका माणसावरून धुमसताय यात तुमचा काही खास दोष नाही, जागाच तशी असते, खायला नसलं की माणूस एकमेकांना खातो.

तिच्याशी बोला. आज रात्री दिवे गेल्यावर, मौन असेल तर कुजबुजत. "तुझ्या उशीखाली मला चुरा दिसला, मलाही बागेत मिळाली होती" एवढंच म्हणा आणि पुढे गप्प बसा, शांतता भरून काढायला काही बोलू नका, तिला वेळ द्या. माझा अंदाज आहे की ती आधी चिडेल, उशीला हात का लावलास म्हणेल, आणि तिथे तुम्ही सरळ सॉरी म्हणायचं कारण ते चुकलंच. मग एकतर ती हसेल नाहीतर रडेल. आदर्श साधक होऊन दिवसभर वावरणारी बाई रात्री उशीत तोंड खुपसून बिस्किट खाते, चावण्याचा आवाज होऊ नये म्हणून बहुतेक लाळेत भिजवून भिजवून, तिची काय अवस्था असेल सांगा. तिलाही कदाचित वाटत असेल की तुम्हीच तिच्या पुढे आहात. तुमचे तीन किलो तीही फळ्यावर वाचते की.

आणि तिला ते खरंच आवडत असतील तर? तर आवडू देत. तुम्ही दोघींनी आपसात वाटणी करून काही ठरत नाही, तो काही सूपचा वाडगा नाहीये, त्यांनाही मत असेल. कदाचित दोघींपैकी कोणीच नको असेल, ते नुसते भल्या मनाचे आणि बिस्किटांचे शौकीन असतील, तीही तयारी ठेवा.

नंबरचं सोपं आहे आणि तुम्ही उगाच अवघड केलंय. संध्याकाळी मोबाईल घ्यायला ऑफिससमोर सगळे लायनीत उभे राहत असतीलच. त्यांच्या मागे उभ्या राहा. दोघांच्या हातात एकाच वेळी फोन येणार, तेव्हाच म्हणायचं, "तुम्ही आधी निघताय, घरी गेल्यावर पहिलं काय खाल्लंत ते कळवाल का?" आणि फोन पुढे करायचा. बागेत बिस्किट घेताना मागू नका, तिथे देणारा एक आणि घेणारा एक असा हिशेब असतो. रजिस्टरमधून गुपचूप नंबर काढायचा विचार तर करूच नका, उशीचं एक प्रकरण पुरे झालं. त्यांनी दिला तर ते निघतील त्या दिवशी मेसेज करू नका, तुमचे चार दिवस नीट पूर्ण करा, आहार डॉक्टर सांगतील तसा हळूहळू वाढवा, घरी येऊन बीपी दाखवा आणि मग करा. फक्त पहिला मेसेज सकाळच्या फुलांच्या फोटोचा नको, तेवढं माझ्यासाठी पाळा. आणि "उद्या कळवतो" म्हणाले किंवा नंबर बदलणार आहे, फोन फारसा बघत नाही असलं काही पुटपुटले, तर तो नकार समजायचा, छान हसायचं, लायनीतून बाजूला व्हायचं आणि मुलाला फोन लावायचा, त्यालाही आईची खुशाली हवीच असेल.